स्टेरॉइड कसं घ्यायचं, आणि तसंच का घ्यायचं

रुग्णालयाच्या औषधखिडकीतून प्रेडनिसोलोनची पट्टी पुढे केली की समोरून हमखास प्रश्न येतो, "हे स्टेरॉइड आहे ना हो?" विचारणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो. मी "हो" म्हणते आणि त्या माणसाला बाजूच्या बाकावर बसवते. नुसतं "हो" ऐकून घरी गेलेल्यांपैकी काही जण गोळी घेतच नाहीत. काही जण बरं वाटलं की आपल्या मनानं सोडून देतात. काहींना तर इतकं बरं वाटतं की जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेत राहतात. नुकसान तिघांचंही होतं आणि तिघांनाही कुणी नीट समजावलेलं नसतं. बाकावर बसून जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. हे औषध पेशीत शिरून काय करतं ते एकदा समजलं की गोळी सकाळीच का, दम्याच्या पंपानंतर चूळ का, एकदम बंद का करायचं नाही, या सगळ्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

शरीर हे स्वतः बनवतं

दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला एकेक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार होतं. आपण ज्या गोळ्या देतो त्या याच कॉर्टिसॉलची नक्कल आहेत, किंचित फेरफार करून जास्त जोरकस केलेली. कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढत जातं, जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ग्रंथी एरवीपेक्षा कितीतरी जास्त बनवते. किती बनवायचं हे मेंदू ठरवतो. रक्तात पुरेसं आहे असं दिसलं की मेंदूकडून ग्रंथीला जाणारा हुकूम थांबतो. हे वाक्य लक्षात ठेवा, औषध बंद करण्याचे सगळे नियम त्यावर उभे आहेत.

निरोगी प्रौढ माणसाचं शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, तेवढं काम प्रेडनिसोलोनच्या साधारण ५ मिलिग्रॅममध्ये होतं. म्हणजे ४० मिलिग्रॅमची चिठ्ठी असेल तर शरीराच्या रोजच्या गरजेच्या आठपट. मात्र वेगवेगळ्या स्टेरॉइडचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून ताडू नका. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४, डेफ्लाझाकॉर्टचे ६, हायड्रोकॉर्टिसोनचे २० आणि डेक्सामेथासोनचे जेमतेम ०.७५. "ही तर अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी, हलकीच असणार," असं डेक्सामेथासोनबद्दल मी अनेकांकडून ऐकलंय. ती अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी प्रेडनिसोलोनच्या तीन मिलिग्रॅमहून भारी असते, आणि तिचा अंमल दीड ते तीन दिवस टिकतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एडवर्ड केंडॉल यांच्या प्रयोगशाळेतलं 'कंपाउंड ई', म्हणजेच कॉर्टिसोन हे स्टेरॉइड, सांधेवातानं जखडलेल्या एका तरुणीला टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढे मोठे डोस दीर्घकाळ दिल्यावर सुजलेले चेहरे आणि पिचलेली हाडंही दिसू लागली. लोकांच्या मनातली आशा आणि भीती दोन्ही तिथून चालत आली आहेत, आणि दोन्हींना आधार आहे.

पेशीच्या आत काय होतं

जंतू शिरला, जखम झाली किंवा वावडं असलेली वस्तू अंगाला लागली की तिथल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, पांढऱ्या पेशी धावून येतात. जागा लाल, गरम, सुजलेली, दुखरी होते. जंतूशी लढताना हे हवंच असतं. पण फुलांचे परागकण, धूळ, किंवा स्वतःचाच सांधा यांना शत्रू समजून शरीर हाच खटाटोप करू लागलं की त्यालाच आपण आजार म्हणतो.

स्टेरॉइडचा रेणू चरबीत विरघळतो, त्यामुळे तो पेशीच्या आवरणातून सरळ आत जातो. आत त्याची वाट पाहत एक ग्राहक प्रथिन असतं. दोघं जोडीनं केंद्रकात शिरतात आणि जनुकांपाशी जाऊन दोन कामं करतात. पहिलं काम दडपण्याचं. 'एनएफ-कप्पा-बी' आणि 'एपी-१' ही प्रथिनं दाहाची जनुकं चालू करत असतात, त्यांना स्टेरॉइड रोखून धरतं. मग इंटरल्युकिन, टीएनएफ वगैरे निरोप तयारच होत नाहीत. दुसरं काम चालू करण्याचं. दाह शमवणाऱ्या प्रथिनांची जनुकं जागी होतात. त्यांतलं अ‍ॅनेक्सिन-१ हे प्रथिन फॉस्फोलायपेज ए-२ या विकराला लगाम घालतं. पेशीच्या आवरणातून हे विकर जो कच्चा माल सोडवून देतं, त्यातून पुढे दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, दुसऱ्यावर ल्युकोट्राईन. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या फक्त पहिला फाटा अडवतात. त्यांचं काम घरातला एक नळ बंद करण्याइतकं, तर स्टेरॉइड वर जाऊन टाकीचा मुख्य कॉकच आवळतं. दम्यात श्वासनळ्या आवळण्यात ल्युकोट्राईनचा मोठा हात असतो, म्हणून तिथे वेदनाशामक काही कामाचं नाही आणि स्टेरॉइड कामाचं आहे.

वावड्याच्या आजारांत आणखीही काही घडतं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना जगवणारे निरोप बंद पडतात आणि त्या मरू लागतात. रक्तवाहिन्यांची गळती कमी होते. श्वासनळीच्या स्नायूंवर साल्ब्युटामॉलला प्रतिसाद देणारे ग्राहक वाढतात, त्यामुळे तात्पुरता आराम देणारा पंपही जास्त चांगला लागू पडतो. एक गोष्ट मात्र स्टेरॉइड करत नाही. गांध्या आणि सूज आणणाऱ्या हिस्टामिन या रसायनानं भरून तयार असलेल्या मास्ट पेशी ऐन क्षणी फुटतात, ते त्याला थांबवता येत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे. का, ते आता सांगते.

याला तास लागतात

जनुक चालू होणार, त्यावरून प्रथिन बनणार, आधीचे निरोप ओसरणार. एवढ्याला वेळ लागतोच. गोळी असो वा शिरेतलं इंजेक्शन, खरा गुण यायला काही तास जातात.

म्हणून एखाद्याला मधमाशी चावल्यावर, औषधानंतर किंवा खाण्यातून काही आल्यावर अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर त्या वेळी जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रिनॅलिन आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब. प्रौढासाठी नेहमीचा डोस अर्धा मिलिग्रॅम. स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतर दिलं तर दिलं, पण ते देऊन "बघू या उतरतंय का" म्हणत बसणं जिवावर बेतू शकतं. ज्यांना पूर्वी असा झटका आलाय त्यांनी अ‍ॅड्रिनॅलिन जवळ ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावंच. घरात स्टेरॉइडची पट्टी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

दम्याचा जोर वाढला आणि डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या योजनेत गोळी असेल, तर ती लवकर घ्या. रात्री दोनला धाप असह्य झाल्यावर घेतलेली गोळी उजाडताना लागू पडेल. मधल्या वेळेसाठी आराम देणारा पंप आणि गरज पडली तर रुग्णालय.

गोळी घेण्याची रीत

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाचा सगळा डोस एकदम, सकाळी, काहीतरी खाल्ल्यावर. सकाळी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल वर असतंच, तेव्हा बाहेरून आलेली भर मेंदूला त्यातल्या त्यात कमी खटकते. संध्याकाळी घेतली तर पहाटेसाठी निघणारा हुकूमच दबतो, शिवाय झोप उडते. झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आधी गोळीची वेळ विचारते. बऱ्याचदा "रात्रीच्या जेवणानंतर" हेच उत्तर मिळतं.

नुसत्या स्टेरॉइडनं पोटात व्रण होण्याचा धोका तसा थोडा. सोबत वेदनाशामक गोळी सुरू असेल तर तो बराच वाढतो. त्यामुळे कंबर दुखली म्हणून आपल्या मनानं डायक्लोफेनॅक घेऊ नका, आधी विचारा.

मधुमेह असलेल्यांसाठी थोडं थांबून सांगते, कारण इथे फसगत होते. दाहाच्या पेशीत जे होतं तेच यकृताच्या पेशीतही होतं. तिथली जनुकं चालू होऊन यकृत जास्त साखर बनवतं आणि स्नायू ती कमी उचलतात. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा हा परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. म्हणजे उपाशीपोटीची साखर छान दिसेल आणि संध्याकाळची तीनशेच्या घरात असेल. तपासायचीच तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. पूर्वी मधुमेह नसलेल्यांनाही फार तहान लागू लागली, लघवीला सारखं जावं लागलं, तर साखर बघून घ्यावी.

रक्ताच्या तपासणीतली आणखी एक गोष्ट अनेकांना घाबरवते. स्टेरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून प्रवाहात येतात, म्हणून तो फुगतो. जंतुसंसर्ग असेलच असं नाही. रिपोर्ट दाखवताना स्टेरॉइड चालू असल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर विनाकारण प्रतिजैविक गळ्यात पडतं.

भूक वाढेल, चेहरा भरल्यासारखा दिसेल. मनःस्थितीही बदलते. कुणी चिडचिडं होतं, कुणी अकारण उत्साही, कुणी रडवेलं. मोठ्या डोसवर क्वचित भास-भ्रमही होतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. "बाबा असं का वागताहेत" म्हणून घाबरलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा वाटतं, पट्टी देतानाच कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर हे घर इतकं हादरलं नसतं.

बंद कसं करायचं

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून मी सगळ्यांत जास्त वेळ इथेच देते.

दम्याच्या झटक्यासाठी प्रौढांना बहुधा ४० ते ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ५ ते ७ दिवस देतात. एवढा छोटा कोर्स संपला की थेट थांबता येतं, पायऱ्या लागत नाहीत. उलट पाच दिवसांचा कोर्स दुसऱ्या दिवशी सोडणं वाईट. निरोप दबलेले असतात, पण श्वासनळीची सूज पुरती ओसरलेली नसते, आणि झटका परतून येतो.

तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलं की मामला बदलतो. बाहेरून रोज कॉर्टिसॉलची नक्कल येत राहिल्यानं मेंदूचा हुकूम बंद पडलेला असतो आणि अधिवृक्क ग्रंथी काम नसल्यानं सुकत गेलेली असते. अशा वेळी एकदम गोळी थांबवली तर शरीरात ना बाहेरचं स्टेरॉइड, ना आतलं. प्रचंड थकवा, उलट्या, पोटात दुखणं, रक्तदाब खाली, गोंधळलेपण, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. याला अधिवृक्क संकट म्हणतात. लक्षणं पोटाच्या साध्या विकारासारखी दिसतात, म्हणून ओळखायला उशीर होतो.

यासाठी डोस उतरवत आणायचा. वरच्या आकड्यांवरून डॉक्टर लवकर खाली आणतात, पण ७.५ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास आल्यावर गती मुद्दाम मंदावतात. कधी महिन्याला एकच मिलिग्रॅम कमी. रुग्ण इथे कंटाळतात. "चाळीसवरून दहावर महिन्यात आलो, आता पाचवरून शून्याला इतके महिने कशाला?" असं एका निवृत्त शिक्षकांनी मला विचारलं होतं. ते गणिताचे, म्हणून मी त्यांना आकड्यांतच सांगितलं. ५ च्या वर असताना शरीराची गरज गोळीच भागवते. ५ च्या खाली उतरलं की उरलेला वाटा ग्रंथीनं उचलायचा असतो, आणि झोपलेल्या ग्रंथीला उठायला काही महिने, कधी वर्षही लागतं. त्यांनी वहीत तक्ता आखला आणि शेवटपर्यंत पाळला.

उतरवताना अंग दुखतं, थकवा येतो. ते मूळ आजार उलटल्यामुळे असेल किंवा शरीर जुळवून घेत असल्यामुळे. स्वतः ठरवू नका, फोन करून विचारा.

दीर्घकाळ घेणाऱ्यांनी आजारपणाचा नियम पाठ ठेवावा. ताप किंवा मोठं दुखणं आलं की निरोगी ग्रंथी उत्पादन वाढवते, तुमची वाढवू शकत नाही. म्हणून त्या दिवसांत डोस वाढवावा लागतो, बहुधा दुप्पट. नेमका किती, हे ठणठणीत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, प्रौढांना १०० मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कोर्स गेल्या वर्षभरात संपलेला असला तरी सांगा. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डोस, कधीपासून, आणि "अचानक बंद करू नये".

तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर हाडांचा विषय पहिल्याच भेटीत काढा. हाड घडवणाऱ्या पेशी स्टेरॉइडमुळे मंदावतात आणि झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगानं होते, वर्षानं बघू म्हणून चालत नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं, आणि गरज असेल तर हाडांचं वेगळं औषध. खुब्यात किंवा जांघेत सतत दुखू लागलं तर अंगावर काढू नका. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका स्टेरॉइडनं वाढतो. डोळ्यांची तपासणीही ठरवून घ्या, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींसाठी.

जंतूंच्या बाबतीत

दाह दडपला की तापही दडपतो. स्टेरॉइड घेणाऱ्याचा संसर्ग आतल्या आत वाढत असतो आणि वरून थोडासाच ताप दिसतो. म्हणून साध्या वाटणाऱ्या तक्रारीही लवकर दाखवा. पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर सुरुवातीलाच सांगा. कांजिण्या कधी झाल्या नसतील आणि कांजिण्यांच्या रुग्णाच्या सहवासात आलात तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त चालू असेल तर जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही, आणि बंद केल्यावरही साधारण महिनाभर थांबायचं.

मग जंतूंच्याच आजारात कधीकधी हे औषध कसं देतात? २०२० साली ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं याचं स्वच्छ उत्तर दिलं. कोविडच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. शरीराचा दाहच फुप्फुस जाळत होता तिथे औषध तारक ठरलं. जिथे शरीर अजून विषाणूशी लढत होतं, तिथे त्याचे हात बांधून काही मिळालं नाही. ताप आल्याच्या पहिल्या दिवशी स्टेरॉइड मागणाऱ्यांना मी हे आकडे सांगते.

पंप

गोळीतून औषध सगळ्या अंगात फिरतं, पंपातून ते हवं तिथे, मायक्रोग्रॅममध्ये पोचतं. हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. "पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी" हा समज इतका उलटा आहे की तो खोडायला मी कधीही वेळ काढते. रोजचा पंप सोडणाऱ्यांवरच पुढे गोळ्यांची वेळ येते. नुसत्या साल्ब्युटामॉलच्या पंपावर दमा सांभाळू नये, स्टेरॉइडचा पंप सोबत हवाच, असं दम्यावर काम करणाऱ्या 'जीना' या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी स्पष्ट केलं आहे.

फवारा मारणारा पंप असेल तर आधी हलवा. श्वास सावकाश बाहेर सोडा. पंपाचं टोक तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा, हळू आणि खोल श्वास आत घ्यायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. श्वास दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. पावडरचा पंप असेल तर नेमकं वेगळं करायचं, श्वास जोरात आणि झपकन ओढायचा, आणि उपकरणात फुंकायचं नाही. ओलाव्यानं पावडर गोळा होते.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावाच. स्पेसरशिवाय बरंचसं औषध घशावर आदळून तिथेच राहतं. मग तिथल्या पेशींची जंतूंशी लढाई मंदावते, तोंडात पांढरे बुरशीचे डाग पडतात, आवाज घोगरा होतो. पंपानंतर चूळ भरून, गुळण्या करून, पाणी थुंकून टाकायचं ते यासाठी. स्पेसरमध्ये एका वेळी एकच फवारा. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं. लहान मुलाला मास्क लावून दिल्यावर तोंडही पुसून घ्या.

पंपानं मुलांची उंची खुंटते का, हे प्रत्येक आई विचारते. खोटा दिलासा द्यायला नको. लहानपणी बरीच वर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एखाद्या सेंटिमीटरनं कमी भरते. आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, झोप आणि शाळा बुडवतो, आणि कधी जीवही घेतो. दमा ताब्यात राहील असा कमीत कमी डोस ठेवणं हाच मार्ग.

नाकातल्या फवाऱ्याचं थोडक्यात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा, नळीचं तोंड मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर सारखं मारलं तर नाकातून रक्त येतं. जोरात हुंगू नका, औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून ज्यांना ठरावीक ऋतूत शिंका सुरू होतात त्यांनी ऋतूच्या आधीपासून सुरू करावं. एका शिंकेला एक फवारा, असा त्याचा उपयोग नाही.

मलम

मलमात ताकदीचा फरक प्रचंड असतो. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सौम्य, मोमेटासोन आणि बीटामेथासोन व्हॅलरेट जोरकस, क्लोबेटासोल सर्वांत जोरकस. ट्यूबवरचा टक्क्याचा आकडा फसवा आहे. क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे हायड्रोकॉर्टिसोन १ टक्क्याहून शेकडो पटींनी तीव्र असतं. कातडीही सगळीकडे सारखी नसते. पापण्या, चेहरा, जांघ इथून औषध भराभर शोषलं जातं, तळहात-तळपायांतून फार थोडं. कोपरासाठी दिलेलं मलम चेहऱ्याला लावायचं नाही, ते यासाठी.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ते सुमारे अर्धा ग्रॅम होतं आणि प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसकट, जागेला पुरतं. इसबाच्या रुग्णांना मी हे बोटावर काढूनच दाखवते, कारण भीतीनं टाचणीच्या टोकाएवढं लावणारे बरेच असतात. त्यांचं इसब कधी हटत नाही आणि ट्यूब मात्र वर्षभर चालू राहते.

गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावू नका. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलमही नको. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. गोल कडा पुसली जाते, डाग पसरतात, पुढच्या डॉक्टरला आजार ओळखणं कठीण होतं. गोरेपणासाठी चेहऱ्याला ही मलमं लावणाऱ्या मुली बघून मला फार वाईट वाटतं. कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. असं झालं असेल तर लाजू नका, त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसकट दाखवा.

डोळ्यांतले थेंब मात्र उरलेले म्हणून कधीच घालू नका. डोळा नागिणीच्या जातीच्या विषाणूनं लाल झाला असेल तर स्टेरॉइडनं बुबुळ खराब होऊन दृष्टी जाऊ शकते.

इतर औषधं आणि निनावी पुड्या

क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन ही यकृताला स्टेरॉइड लवकर मोडायला लावतात, डोस अपुरा पडतो. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल आणि एचआयव्हीवरचं रिटोनाव्हिर नेमकं उलट करतात. इतकं की नुसत्या पंपातलं किंवा नाकातलं औषधही अंगात साचून गोळीसारखे दुष्परिणाम दिसू लागतात. म्हणून नवं औषध घेताना पंप, फवारा, मलम हेही औषधांच्या यादीत सांगा. लोक फक्त गोळ्या सांगतात.

शेवटचा प्रकार चिठ्ठीवर कधी नसतोच. सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुणीतरी दिलेल्या, नाव-घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्या. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. वर्षांचं दुखणं चार दिवसांत पळालं, भूक सुटली, चेहरा गोल होऊ लागला, अंगावर सहज निळे डाग उमटू लागले, तर संशय घ्या. मात्र अशी पुडी काही महिने घेतली असेल तर हे वाचून आजच ती फेकून देऊ नका. आत काय आहे हे ठाऊक नसताना एकदम थांबवणं धोक्याचं आहे. पुडी सोबत घेऊन लवकरात लवकर डॉक्टरांकडे जा, किती दिवस आणि किती घेतली ते सांगा, आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासायचं का ते विचारा. जाण्याआधीच उलट्या, चक्कर, गळाठा सुरू झाला असेल तर थेट तातडीच्या विभागात जा आणि "स्टेरॉइड असलेलं औषध घेत होतो, असा संशय आहे" हे वाक्य दारातच सांगा.